लाल पट्ट्यावरचा दसरा: बाबा, रेवा आणि तीन सायकली

"मी येतो. पण त्या पोरीला घेऊन रस्त्यावर जाणार नाही. हे तिला आत्ताच सांगून ठेव, तिथं गेल्यावर रडारड नको."

सिंगापूरची तिकिटं काढण्याआधी बाबांनी घातलेली ही एकमेव अट. व्हिसा, विमान, जेवणखाण, हवा, कशाबद्दल म्हणून एक शब्द विचारला नाही त्यांनी. मी म्हटलं, बरं बाबा, सांगते. आणि सांगितलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीला असलं काही फोनवर सांगायचं तरी कसं?

ती पोरगी म्हणजे माझी भाची, रेवा. माझा धाकटा भाऊ निखिल, त्याची बायको केतकी आणि ही रेवा सिंगापुरात चोआ चू कांगला राहतात. निखिल जुरोंग आयलंडवरच्या एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल होतो. त्यातल्याच एका रविवारी रेवानं जाहीर केलं, "आजोबा, आय कॅन सायकल अंटिल द सी ऑलरेडी! यू कम, वुई गो टुगेदर ला." (हे शेवटचं 'ला' म्हणजे तिथलं 'ना'.) मग निखिलनं त्यावर दसऱ्याचा रंग चढवला. दसरा शनिवारी येत होता, रेवाला शाळा नाही, त्याला सुट्टी. "ताई, आपण सायकलवर सीमोल्लंघन करू. घरापासून थेट देशाच्या टोकापर्यंत. वीस-बावीस किलोमीटर आहे फक्त." देशाचं टोक वीस किलोमीटरवर! आमच्या पुण्यातल्या वारज्यातून निघालं तर एवढ्या अंतरात लोणी काळभोरसुद्धा येत नाही.

आता बाबांचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. बाबांनी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. आजही रस्त्यात मिशा फुटलेले घोडे "ड्रायव्हरकाका!" म्हणून ओरडत येतात आणि पाया पडतात. अडीच वर्षांपूर्वी दुसरीतला एक मुलगा बसमधून उतरला. बसमधल्या मावशी दुसऱ्या मुलाचं दप्तर काढून देत होत्या, तेवढ्यात हा बसच्या पुढून पलीकडे पळाला. मागून ओव्हरटेक करत आलेल्या टेम्पोनं त्याला उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला. पोरगा वाचला, आता क्रिकेटही खेळतो. पोलीस, शाळा, खुद्द त्या मुलाची आई, सगळे म्हणाले की काका, यात तुमची काही चूक नाही. बाबांनी त्याच संध्याकाळी बसची किल्ली मालकाच्या टेबलावर ठेवली आणि घरी चालत आले.

तेव्हापासून बस नाही, स्कूटर नाही, आणि कुठल्याही लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडणं तर नाहीच. दूध आणायला निघाल्यावर शेजारची चिमुरडी मागे लागली, तर बाबा दूध न आणता वर परत येतात. "लेकराची जबाबदारी माझ्यावर नको," एवढंच म्हणतात. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात, त्यामुळे हे मी रोज बघते. बघून जीव तुटतो, पण बोलायची सोय नाही.

असो. आम्ही पोचलो बुधवारी सकाळी. तिथल्या विमानतळावरून चोआ चू कांग म्हणजे बेटाचं दुसरं टोक. एमआरटीनं, म्हणजे तिथल्या मेट्रोनं, दीड तास लागतो आणि पैसे अगदीच किरकोळ, पण आमच्याकडे लोणचं, पोहे, मेतकूट आणि भाजणीनं फुगलेल्या दोन बॅगा होत्या, म्हणून निखिलनं टॅक्सी केली. चाळीसेक डॉलर झाले. तुम्ही जाल तेव्हा बॅगा हलक्या ठेवा आणि एमआरटीनं या.

निखिलचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. खाली खांबांवरून छोटी लोकलसारखी गाडी जाते, एलआरटी म्हणतात तिला. पहिल्याच प्रवासात एक गंमत झाली. गाडी इमारतींच्या अगदी जवळून जायला लागली आणि खिडकीच्या काचा आपोआप धुरकट झाल्या. मला वाटलं काहीतरी बिघडलं. केतकी म्हणाली, "लोकांच्या घरात डोकावायला नको म्हणून ताई." इमारत मागे पडली, काचा पुन्हा स्वच्छ. मी तोंडाचा आ वासून बसले. कुणीतरी टेबलाशी बसून एवढा विचार केला होता! बाबांनी मात्र नुसतं "हं" केलं.

संध्याकाळी निखिल आम्हाला खाली फिरायला घेऊन गेला. तिथं पहिल्यांदा तो लाल पट्टा पाहिला. गाड्यांचा रस्ता, त्याच्या कडेला गवत आणि झाडं, मग सायकलींचा वेगळा लाल रस्ता, त्याला लागून पायी चालणाऱ्यांचा. गाडीला इच्छा झाली तरी सायकलीपर्यंत पोचता येणार नाही. "सायकलला ताशी पंचवीसची मर्यादा, फूटपाथवर गेलात तर दहा," निखिल सांगत होता. मी फोटो काढत होते. बाबा मागे राहिले.

वळून पाहिलं तर बाबा उतारावर बुटाची टाच दाबून बघत होते. फूटपाथ जिथं रस्त्याला मिळतो तिथं पायरीच नाही, रस्ता अलगद खाली उतरतो. मग त्यांनी पट्ट्याची रुंदी पावलांनी मोजली. मग सायकलींचा वेगळा हिरवा सिग्नल लागेपर्यंत थांबले, विझेपर्यंत थांबले, पुन्हा लागेपर्यंत थांबले. निखिल कुजबुजला, "ताई, हे आता आरटीओसारखं सर्टिफिकेट देणार बहुतेक."

आणि मग तो बसस्टॉप आला.

लाल पट्टा बसस्टॉपपाशी आला की वळतो आणि स्टॉपच्या मागून जातो. उतरणारा माणूस आणि सायकल एकमेकांसमोर येतच नाहीत. स्टॉपच्या पुढे रस्त्याच्या कडेनं कमरेएवढा लोखंडी कठडा आहे, चांगला लांबलचक. बस आली. शाळेच्या गणवेशातली तीन मुलं उतरली. त्यातला एक जण धावत सुटला, बसच्या पुढच्या बाजूला. बाबांचा हात एकदम पुढे गेलेला मी पाहिला. पण तो मुलगा कठड्याच्या आतूनच धावत गेला, सिग्नलपाशी थांबला आणि मित्रांची वाट बघायला लागला. रस्त्यावर जायला त्याला वाटच नव्हती.

बाबा कठड्यापाशी गेले. हात ठेवला. हलवून पाहिला.

"एवढंच लागतं," ते म्हणाले. "एवढंच लागत होतं."

निखिलनं माझ्याकडे पाहिलं. बाबा तिथं पाऊण तास उभे राहिले आणि आलेल्या प्रत्येक बसमधून उतरणारं प्रत्येक मूल पलीकडे जाईपर्यंत बघत राहिले. घरी आल्यावर आमटी गार झाली म्हणून केतकी थोडी चिडली, पण बाबा त्या दिवशी दोन वाट्या भात जास्त जेवले.

पुढचे दोन दिवस मी सराव केला. पंधरा वर्षांनी सायकलवर बसत होते. ॲपवरून भाड्याची सायकल घेतली, अर्ध्या तासाला साधारण एक डॉलर. परत ठेवताना ठरलेल्या जागीच ठेवायची आणि तिथला कोड स्कॅन करायचा, नाहीतर दंड. हे विसरू नका, मी एकदा विसरले. दुसरी चूक आणखी लाजिरवाणी. पुण्याची सवय ती, समोर माणूस दिसला की माझा अंगठा घंटीवर. ट्रिंगट्रिंग, ट्रिंगट्रिंग! लोक दचकून गवतात उड्या मारत होते, वर "सॉरी, सॉरी" म्हणत होते. शेवटी एक चिनी आजोबा पिंजऱ्यातला पक्षी फिरवायला निघाले होते, ते थांबून म्हणाले, "आंटी, रिलॅक्स ला. नोबडी चेसिंग यू." खरंच कोणी मागे लागलेलं नव्हतं. मला इतक्या वर्षांत असं कधी वाटलंच नव्हतं, सायकलवर तर नाहीच. त्यानंतर मी घंटी वाजवली नाही.

शुक्रवारी केतकीबरोबर लिटल इंडियात जाऊन झेंडूच्या माळा आणल्या. आपट्याची पानं काही मिळाली नाहीत. आणि त्याच दिवशी रेवाला ती अट कळली. मी नाही, बाबांनीच सांगितली. ती म्हणाली, "आजोबा, टुमारो यू सिट बिहाइंड मी ऑर फ्रंट?" बाबा म्हणाले, "मी सायकलवर नाही येणार बाळा. मी तुझ्या आईबरोबर टॅक्सीनं येईन, डबा घेऊन." तिनं "व्हाय?" विचारलं. बाबा म्हणाले, "आजोबांना भीती वाटते." मी स्वयंपाकघरात होते, हातातली पुरी तशीच राहिली. इतकी सरळ कबुली त्यांनी आम्हाला कधीच दिली नव्हती. रेवानं थोडा विचार केला आणि म्हणाली, "ओके."

दसऱ्याच्या दिवशी सकाळी सात वाजता इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आमची शस्त्रपूजा. सायकली तीन: निखिलची, रेवाची आणि माझी भाड्याची. पूजा बाबांकडे. सव्वीस दसरे बस सजवलेला माणूस! माळ आऱ्यांत अडकणार नाही अशी कशी बांधायची, हे त्यांनी आम्हाला रागावून रागावून दाखवलं. हळदकुंकू लावलं, टायरखाली लिंबू ठेवलं. नारळ फोडायला केतकीनं साफ मनाई केली आणि लिंबाचा चोथा तिथल्या तिथं उचलून पिशवीत भरला. बाजूनं जाणाऱ्या एका मलय बाईंनी विचारलं, "बर्थडे ऑफ द बायसिकल, ईज इट?" रेवा म्हणाली, "येस, कॅन से लाइक दॅट."

तेवढ्यात निखिलचा फोन वाजला. प्लांटमध्ये काहीतरी अडलं होतं आणि त्या युनिटची माहिती असलेला माणूस हाच. तो बाजूला जाऊन बराच वेळ बोलला आणि परत आला तेव्हा त्याचा चेहराच सांगत होता. "सॉरी रेवू. जायला लागेल."

केतकीला सायकल येत नाही. मला येते म्हणावं तर रस्ता माहीत नाही, आणि परक्या देशात नऊ वर्षांच्या मुलीला एकटीनं बावीस किलोमीटर नेण्याएवढी माझी सायकल पक्की नाही. केतकी म्हणाली, "पुढच्या वेळी जाऊ." रेवा रडली असती तर बरं झालं असतं. ती काही न बोलता खाली बसली आणि हँडलला बांधलेली माळ सोडायला लागली.

बाबांनी ते पाहिलं. मी बाबांकडे पाहत होते. त्यांचा जबडा हलत होता, काहीतरी चावल्यासारखा. ते निखिलच्या सायकलपाशी गेले, सीटचा खटका उघडून सीट चार बोटं खाली घेतली, दोन्ही ब्रेक दाबले, पुढचं चाक उचलून फिरवलं.

"हेल्मेट आण," निखिलला म्हणाले. मग रेवाला, "मी पुढं नाही जाणार. मागं राहणार. तू पुढं, तुला रस्ता माहीत आहे. मध्ये आत्या, मागं मी. मी 'थांब' म्हटलं की थांबायचं. कबूल?"

"कबूल!" ती चक्क मराठीत म्हणाली.

आम्ही निघालो. केतकी डबा घेऊन टॅक्सीनं येऊन आम्हाला उत्तर टोकाच्या किनाऱ्यावर, सेम्बावांगला, भेटणार होती. पहिला टप्पा कालव्याच्या काठाकाठानं. पाणी स्वच्छ, कडेला कठडा, वर झाडांची सावली, आणि आमच्याशिवाय एखाददुसरा पळणारा माणूस. कालव्याच्या भिंतीवर हातभर लांब घोरपड ऊन खात पडली होती, हलायला तयार नाही. मोठा महामार्ग आडवा आला तेव्हा मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू केली, तर आमचा रस्ता अलगद खाली उतरला आणि बोगद्यातून पलीकडे निघाला. डोक्यावरून ट्रक धडधडत जात होते आणि खाली आम्ही तिघं झेंडूच्या माळा घालून चाललो होतो. बोगद्यात रेवा ओरडली, "हॅपी दसराऽऽ!" मागून बाबांचा आवाज घुमला, "दोन्ही हात हँडलवर!"

बाबा सायकल सुरेख चालवतात. अंतर ठरलेलं, ना जास्त ना कमी. दर वळणावर रेवाला मागून सूचना: "डावीकडं. हळू. बाई येतायत, जाऊ दे." पण आवाजातला ताण मला कळत होता. पहिल्या तासात मी जेव्हा जेव्हा वळून पाहिलं, ते आजूबाजूला बघत नव्हते, फक्त तिच्या मागच्या चाकाकडे. नळाच्या थंड पाण्यासाठी थांबलो तेव्हा त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि बोटं हँडल धरल्यासारखीच वाकलेली. (असे पाण्याचे नळ आणि स्वच्छ स्वच्छतागृहं वाटेत बऱ्याच ठिकाणी आहेत, बाटली मात्र सोबत ठेवा.) तिथल्याच टपरीवर कॉफी आणि नारळाच्या जॅमचा टोस्ट घेतला, तिघांचे मिळून दहा डॉलरच्या आत.

थोडं पुढे गेल्यावर मागून "थांब!" अशी जोरात हाक आली. वळून पाहिलं तर बाबा सायकल स्टँडला लावून एका झाडाखाली उभे. चेहरा एकदम खुललेला. "अगं सुजा, हे बघ! आपटाच!" जांभळ्या फुलांचं झाड, पानं अगदी आपट्यासारखी जोडलेली. सख्खा नसेल, पण नात्यातला नक्कीच. आणि माझ्या वडिलांनी, ज्यांनी आयुष्यात सिग्नल तोडला नाही त्यांनी, सरळ फांदी वाकवली.

"आजोबा! कॅनॉट!" रेवा किंचाळली. "दे विल फाइन यू!"

बाबांच्या हातातून फांदी सुटली. समोरून छत्री घेतलेल्या एक चिनी बाई येत होत्या, त्यांनी बोट हलवलं. "अंकल, ट्री वन कॅनॉट. फ्लोअर वन, टेक ला." आणि स्वतःच वाकून गवतातली पडलेली पानं गोळा करायला लागल्या! कशासाठी हवीत हे विचारलंसुद्धा नाही. आम्ही चौघांनी मिळून मूठभर पानं वेचली. बाबा ओशाळून त्यांना पुन्हा पुन्हा नमस्कार करत होते. मला इतकं हसू येत होतं की सायकलवर बसता येईना.

मग शेवटचे चारेक किलोमीटर उरले तेव्हा ते झालं, ज्याची मला सकाळपासून धास्ती होती. लाल पट्टा संपला. कायमचा नाही, पुढे बांधकाम चालू होतं म्हणून. नारिंगी अडथळे लावलेले आणि बाण दाखवत होता उजवीकडे, एक बोळ ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर. बोळ म्हणजे लॉऱ्या बाहेर पडायची वाट. सिग्नल नाही, कठडा नाही, फक्त पांढरे पट्टे. आतून दहा चाकांची एक लॉरी घरघरत येत होती.

बाबा सायकलवरून उतरले आणि मागे सरकले. "मी नाही," म्हणाले. "सुजा, तू ने तिला. मी नाही."

मी माझी सायकल लावायला लागले. तेवढ्यात रेवानं तिची सायकल माझ्या अंगावर टेकवली, चालत बाबांकडे गेली आणि त्यांचा हात धरला.

"आजोबा, झेब्रा आहे. दे मस्ट स्टॉप."

"मस्ट?" बाबा म्हणाले. "बाळा, त्या टेम्पोलाही मस्टच होतं."

तिला कुठला टेम्पो ते माहीत नव्हतं. तिनं हात सोडला नाही. "फर्स्ट वुई वेट. ही सीज अस. देन वुई गो," ती समजावत म्हणाली, तिला कुणीतरी शाळेत समजावलं असेल तसं. मला पुढे होऊन तिला ओढून घ्यावंसं वाटत होतं आणि त्याच वेळी कळत होतं, की आत्ता मी तिला घेतलं तर बाबा पुन्हा कधीच कुणाचा हात धरणार नाहीत. मी दोन सायकली धरून जागेवर उभी राहिले. इतकी घाबरले नव्हते मी कधी.

लॉरी जवळ आली. आणि पट्ट्यांच्या चांगली अलीकडे पूर्ण थांबली. वर बसलेला सावळा, पिवळ्या जाकिटातला ड्रायव्हर, बहुधा तमिळ, त्यानं बाबांकडे पाहिलं आणि तळहात दाखवला. या, सावकाश या. बाबांनीही हात वर केला. एका ड्रायव्हरनं दुसऱ्याला करावा तसा. मग ते रेवाला घेऊन निघाले, ती लॉरीच्या बाजूला नाही, पलीकडच्या बाजूला, आणि पलीकडे पोचले.

सायकली अजून अलीकडेच होत्या. बाबा परत आले, रेवाची सायकल घेऊन गेले. पुन्हा आले, स्वतःची नेली. मला म्हणाले, "तू थांब, तुझी पण नेतो." मी थांबले. मला माझी सायकल नेता येत नव्हती असं नाही, पण त्यांना नेऊ दिली. एवढ्या वेळात आणखी एक लॉरी, एक व्हॅन आणि एक सिमेंटचा मिक्सर आला. सगळे थांबले. शेवटच्या फेरीला बाबा मध्यावरूनच माझ्याकडे वळून बघत म्हणाले, "अगं, थांबतात गं! सगळे थांबतात!"

पलीकडे जाऊन ते फूटपाथच्या कडेला बसले आणि रडले. मोठ्यानं, लहान मुलासारखे. मीही रडले. रेवानं पाण्याची बाटली पुढे केली आणि आम्हा दोघांना आळीपाळीनं पाणी पाजलं.

सेम्बावांगचा किनारा लहानसा आहे. जुन्या गोदीचा भाग, मोठमोठी झाडं, पुढे थोडी वाळू आणि पलीकडे समोरच मलेशिया. केतकी चटई अंथरून बसली होती. बाबांनी बूट काढले आणि घोट्यापर्यंत पाण्यात जाऊन उभे राहिले. "झालं सीमोल्लंघन," म्हणाले. रेवा म्हणाली, "मोर फ्रंट नीड पासपोर्ट, आजोबा." मग श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, आणि ती वेचलेली पानं. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." रेवानं आजोबांना पान दिलं आणि वाकून नमस्कार केला. बाबांनी तिला उचलूनच घेतलं, पाठीचं दुखणं विसरून.

परतीचं माझं नियोजन फसलं. मी गृहीत धरलं होतं की सायकली एमआरटीत घालून येऊ. घडीच्या लहान सायकली चालतात, आमच्यासारख्या नाहीत. माझी भाड्याची तिथंच ठरलेल्या जागी ठेवली, बाकीच्या दोन मोठ्या व्हॅन-टॅक्सीत घातल्या. साठ डॉलर गेले. तुम्ही हे आधीच धरून चाला. बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि अर्ध्या रस्त्यात त्याला मोडक्या हिंदी-इंग्रजीत पुण्यातली वाहतूक समजावून सांगितली. तो बिचारा "वाह लाऊ, वाह लाऊ" म्हणत राहिला, म्हणजे आपलं अरे बाप रे.

सोमवारपासून पाच दिवस बाबा रोज सकाळी रेवाला शाळेच्या फाटकापर्यंत सोडून आले. चालत, हात धरून. आम्ही बाकीचं सिंगापूरही पाहिलं, ती उंच झाडं, ते दिवे, तो समुद्र. डोळे दिपतात, खोटं कशाला बोलू? पण मला कुणी विचारलं काय पाहिलंस, तर मी तो कमरेएवढा कठडा सांगते.

पुण्यात येऊन आता महिना झाला. आमच्या इथं लाल पट्टा नाही आणि मी त्यावरून गळा काढणार नाही, तुम्हा सगळ्यांना सगळं माहीत आहे. सायकल मी घेतलेली नाही. धीर होत नाही.

आमच्या सोसायटीतून शाळा दहा मिनिटांवर आहे, पण मध्ये मोठा चौक, म्हणून सगळी मुलं स्कूटरवर किंवा रिक्षात. आल्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी बाबांनी बूट चढवले आणि शेजारच्या चिमुरडीच्या आईला म्हणाले, "आजपासून हिला मी नेतो. चालत." दुसऱ्या आठवड्यात चार मुलं झाली. आता सात आहेत. दोन रांगा, मुलं आतल्या बाजूनं, बाबा रस्त्याच्या बाजूनं.

परवा मी उशिरा ऑफिसला निघाले होते, म्हणून मागे मागे गेले. चौकात बाबा थेट रस्त्यात उतरले, दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले आणि मुलांना म्हणाले, "चला, पळायचं नाही." बसेस थांबल्या, रिक्षा थांबल्या. एक स्कूटरवाली बाई मात्र हॉर्नवरचा अंगठा काढेना. शेवटी ओरडली, "ओ काका, रस्ता काय तुमच्या बापाचा आहे का?"

बाबांनी हात खाली घेतले नाहीत. मुलांकडचं लक्षही काढलं नाही.

"नाही हो ताई. दोन मिनिटं या सात जणांचा आहे. मग तुमचाच."

बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं, आणि चक्क स्कूटर बंद केली.